टेबलावर उताणा टीव्ही : एकत्र बसून खेळताना फाउंड्री व्हीटीटी

फाउंड्री व्हर्च्युअल टेबलटॉप (व्हीटीटी) हे सॉफ्टवेअर मुळात डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचे कथा-खेळ खेळणाऱ्या, वेगवेगळ्या गावांत बसलेल्या माणसांना एका नकाशाभोवती आणण्यासाठी आहे. आम्ही मात्र गेले चौदा महिने ते नागपुरात, प्रतापनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ बसून वापरत आहोत. आम्ही म्हणजे पाच खेळाडू आणि डीएम (डंजन मास्टर), म्हणजे कथा सांगणारी आणि खेळ चालवणारी, म्हणून मी. दर दुसऱ्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास चहा आणि आलूबोंडे आटोपले की खेळ सुरू होतो आणि रात्री नऊपर्यंत चालतो. या काळात सॉफ्टवेअरचे जेवढे भाग मी चालू ठेवले, त्याहून जास्त बंद केले. तरीही ते विकत घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही.

आधी व्यवहाराचे. फाउंड्री मे 2020 मध्ये विक्रीला आले. त्याची किंमत 50 डॉलर आहे आणि ती एकदाच द्यावी लागते. महिन्याची वर्गणी नाही. डॉलरचा त्या दिवशीचा भाव आणि बँकेचे किरकोळ शुल्क धरता ही रक्कम चार हजार रुपयांच्या पुढे जाते. परवाना फक्त खेळ चालवणाऱ्याला लागतो. सॉफ्टवेअर त्याच्या लॅपटॉपवर बसते, तोच लॅपटॉप सर्व्हर होतो आणि खेळाडू आपापल्या ब्राउझरमधून त्याला जोडले जातात. घरातल्या घरात खेळायचे असेल तर वाय-फायवरचा लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि त्यापुढे 30000 हा पोर्ट क्रमांक टाकला की काम भागते. परवाना एकदा नोंदवून झाला की खेळताना इंटरनेट नसले तरी अडत नाही. याच कामाचे, 2012 पासून चालत आलेले रोल20 कंपनीच्या सर्व्हरवरून चालते, त्यामुळे तिथे इंटरनेट गेले की नकाशाही गेला. पाचही माणसे एकाच छपराखाली बसलेली असताना त्यांचा नकाशा आधी परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन परत यावा, हे मला पहिल्यापासून अजब वाटत आले आहे.

आता टेबल. भिंतीवर लावलेल्या टीव्हीवर नकाशा दाखवता येतो, पण मग सगळे एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि खेळाची मैफल जाऊन तिथे सिनेमाचे थिएटर होते. टीव्ही टेबलावर आडवाच हवा. आमच्याकडे 43 इंची जुना फुल एचडी टीव्ही पडून होता. त्याचे पाय काढून तो दोन लाकडी पट्ट्यांवर उताणा ठेवला. पट्ट्या हव्यातच, कारण उष्ण हवा बाहेर जाण्याची छिद्रे मागच्या बाजूला असतात आणि मे महिन्यातल्या नागपुरात ती टेबलाने झाकून टाकणे म्हणजे टीव्ही तव्यावर ठेवणे. आईने पहिल्या दिवशी दारातूनच विचारले, “टीव्ही उताणा काहून झोपवला गं? आजारी आहे का?” तेव्हापासून घरात त्याचे नाव पेशंट आहे. वर इतवारीतून कापून आणलेला अ‍ॅक्रिलिकचा पत्रा टाकला आहे. काच अधिक टिकते, पण अ‍ॅक्रिलिक हलके आहे आणि फुटले तरी कोणाच्या हाताला कापत नाही. फासे मात्र त्यावर टाकायचे नाहीत, असा नियम करावा लागला, कारण महिन्याभरातच त्यावर ओरखड्यांची जाळी दिसू लागली होती. फाशांसाठी आता सतरंजीचा तुकडा चिकटवलेला एक लाकडी खोका आहे.

नवा टीव्ही घेणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करून ठेवते. आडव्या ठेवलेल्या पडद्याकडे प्रत्येक जण तिरप्या कोनातून पाहतो. व्हीए, आयपीएस आणि ओएलईडी हे पडद्यांचे प्रकार. व्हीए पॅनेलचा काळा रंग तिरपे पाहताना राखाडी होतो आणि अंधारी भुयारे फिकट दिसतात; आयपीएस पॅनेल या कामाला बरे. ओएलईडीच्या वाटेला जाऊ नये, कारण एकच नकाशा तासन्‌तास स्थिर राहतो आणि त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते.

मापाचा प्रश्न मला सर्वांत अधिक छळून गेला, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये नकाशावरचा एक चौकोन म्हणजे 5 फूट, आणि टेबलावर तो 1 इंचाचा असावा, अशी रीत आहे. पात्रांसाठी बाजारात मिळणाऱ्या चिमुकल्या बाहुल्यांची बैठकही त्याच मापाची असते. आमच्याकडे बाहुल्या नव्हत्या, कॅरमच्या सोंगट्या होत्या. कॅरमची सोंगटी नियमाप्रमाणे 3.02 ते 3.18 सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे एका इंचाच्या चौकोनात ती मावतच नाही, शेजाऱ्याच्या हद्दीत घुसते. तेव्हा आम्ही चौकोनच 3.2 सेंटिमीटरचा करायचे ठरवले. 43 इंची पडदा 95.2 सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यावर 1920 पिक्सेल असतात, म्हणजे आमच्या चौकोनाला साधारण 65 पिक्सेल हवेत. फाउंड्रीत नवा नकाशा 100 पिक्सेलच्या चौकोनाने सुरू होतो; तो 0.65 झूमवर ठेवला की सोंगटी बरोबर बसायला हवी. ती बसली नाही. चौकोन तिच्याहून भलताच मोठा निघाला.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. विंडोजने टीव्हीसाठी परस्पर 150 टक्के स्केलिंग, म्हणजे सगळे दीडपट मोठे दाखवणे, निवडले होते, आणि ते 100 वर आणल्यावरही जो थोडा फरक उरला, तो टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा होता, म्हणजे टीव्ही चित्राच्या चारही कडा कापून उरलेले ताणून दाखवत होता. चित्र जसेच्या तसे दाखवण्याची सेटिंग बहुतेक टीव्हींत असते, पण तिचे नाव प्रत्येक ठिकाणी निराळे असते आणि ती सहसा तिसऱ्या उपमेनूत लपलेली असते. हे दोन्ही दुरुस्त झाल्यावर सोंगटी चौकोनात अशी बसली की आम्ही सगळ्यांनी तिचे फोटो काढले. याची किंमत अर्थात जागेत मोजावी लागली. इंचाच्या मापाने पडद्यावर 37 बाय 21 चौकोन दिसले असते. आता 29 बाय 16 दिसतात.

झूम एकदा ठरला की तो कोणाच्या बोटाने हलू नये यासाठी लॉक व्ह्यू नावाचे मॉड्यूल, म्हणजे फाउंड्रीला जोडायचा पूरक भाग, आहे, आणि पडद्यावरची सगळी बटणे, चॅट व याद्या लपवून फक्त नकाशा दाखवण्यासाठी मंक्स कॉमन डिस्प्ले आहे. दोन्ही मोफत आहेत आणि एका खोलीत खेळणाऱ्यांसाठी जवळजवळ अनिवार्य आहेत. मांडणी अशी करावी: फाउंड्रीच्या स्वतःच्या खिडकीत डीएम म्हणून शिरावे आणि लॅपटॉपवरच वेगळा ब्राउझर उघडून त्यात ‘टेबल’ नावाचा एक साधा खेळाडू म्हणून शिरावे. तो ब्राउझर टीव्हीवर सरकवून एफ11 दाबावे. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये दोन नावांनी शिरण्याचा प्रयत्न करू नये. दुसरे नाव पहिल्याला ढकलून देते. ‘टेबल’ या खेळाडूला सगळ्या पात्रांच्या टोकनवर (नकाशावर पात्र दाखवणाऱ्या खुणेवर) पाहण्याचा अधिकार दिला की पाचही जणांना जे दिसते त्याची बेरीज पडद्यावर दिसते.

आणि ही बेरीजच हे सॉफ्टवेअर घेण्याचे खरे कारण आहे. रामटेकजवळच्या नगरधन किल्ल्याला बाहेरचा तट आणि त्याच्या आत दुसरी भिंत आहे. तो आराखडा डोळ्यांसमोर ठेवून मी आलेख-कागदावर एक काल्पनिक किल्ला काढला, त्यात पायऱ्यांची एक विहीर घातली, कागदाचा फोटो फाउंड्रीत टाकला आणि त्यावर भिंती आखल्या. भिंत आखणे म्हणजे टोकापासून टोकापर्यंत रेघ मारत जाणे. दरवाजा, गुप्त दरवाजा, आरपार दिसेल पण जाता येणार नाही अशी भिंत, असे तिचे प्रकार आहेत. त्या एका किल्ल्याला मला साडेतीन तास लागले, आणि हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य केलेच पाहिजे. पण पुढच्या रविवारी जेव्हा मशाल घेतलेले टोकन विहिरीच्या पहिल्या पायरीवर आले, तेव्हा चार चौकोनांपर्यंत लख्ख आणि पुढच्या चार चौकोनांपर्यंत मंद असा उजेडाचा गोल पडला, खांबामागे सावलीची पाचर उभी राहिली, आणि टोकन एकेक घर पुढे सरकले तशी ती पाचर खांबाभोवती फिरू लागली. सगळ्यात धाकटा खेळाडू, माझा मावसभाऊ, अर्धवट उभा राहून म्हणाला, “ताई, थांब. त्या खांबामागं काहीतरी हललं.” काहीच हललेले नव्हते, सावली हलली होती. मी थांबले आणि काहीही बोलले नाही.

हा परिणाम कागदावर आणता येत नाही. फ्लेक्स छापणाऱ्याकडून चौकटीचा फ्लेक्स करून घेऊन त्यावर पुसता येणाऱ्या मार्करने खोल्या काढत जाणे ही आमची जुनी पद्धत होती, आणि ती उत्तम चालत असे, पण तिच्यात डीएमने रेघ मारली की खोली संपूर्ण दिसते. कोणाला किती दिसते, मशाल विझली तर कोण आंधळा होतो, दार किलकिले उघडले तर आतला कोणता कोपरा नजरेस पडतो, याचा हिशेब माणसाने तोंडी ठेवणे अशक्य आहे. यंत्राने तो ठेवावा, हे योग्य आहे. एक अडचण उरतेच: पडदा सर्वांचा एकच असल्यामुळे अंधारात 60 फूट पाहू शकणाऱ्या एल्फला जे दिसते, ते मनुष्य-पात्र खेळणाऱ्यालाही दिसते. दूरस्थ खेळात प्रत्येकाचा पडदा वेगळा असतो, म्हणून तेथे हा प्रश्न येत नाही. आम्ही तो खेळाडूंच्या प्रामाणिकपणावर सोडला आहे आणि तो प्रामाणिकपणा साधारण सत्तर टक्के वेळा टिकतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती मला खेळायला लागल्यानंतर तिसऱ्या सेशनला कळली. पडद्यावर सोंगटी हलवली म्हणून सॉफ्टवेअरमधले टोकन हलत नाही. खेळाडू सोंगटी सरकवतो, मग मी माऊसने त्याचे टोकन त्याच घरात नेऊन ठेवते, मग उजेड बदलतो. पाच खेळाडू आणि आठ शत्रू असलेल्या लढाईत हे दुहेरी काम मला इतके गुंतवून ठेवी की शत्रूंच्या तोंडी एक वाक्यही देणे जमत नसे; डीएमऐवजी मी तहसील कार्यालयातली नोंदणी कारकून झाले होते. स्पर्श ओळखणाऱ्या चौकटी टीव्हीभोवती बसवून हे सोडवणारे लोक आहेत, पण तो खर्च आणि खटाटोप हौशी गटाच्या पलीकडचा आहे. आम्ही सोपी वाट काढली. भटकंतीत, म्हणजे खोल्या शोधत फिरताना, सोंगट्या अजिबात ठेवायच्या नाहीत; सगळ्या चमूसाठी मशालीचे एकच टोकन असते आणि ते मी हलवते. लढाई सुरू झाली की त्या खोलीचा उजेड पूर्ण उघडून टाकायचा, टोकन विसरायचे आणि सोंगट्या मांडायच्या. त्या वेळी टीव्ही हा केवळ महागडा फ्लेक्स असतो आणि तसा असण्यात काही कमीपणा नाही.

फासे, कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला तक्ता) आणि गुणांचा हिशेब यांसाठी फाउंड्रीत सर्व काही आहे: दोनशेहून अधिक खेळांचे नियम त्यात मोफत बसवता येतात, आणि पाथफाइंडर या तशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे तर जवळजवळ सगळेच नियम स्वयंसेवकांनी भरून ठेवलेले आहेत. आम्ही यातले काहीही वापरत नाही. वीस बाजूंचा फासा खोक्यात गडगडत असताना पाच माणसांचा श्वास जसा रोखला जातो, तसा तो पडद्यावरच्या आकड्याने रोखला जात नाही. शीट कागदाची असली की खोडरबराने तिचे झालेले हालही कथेचा भाग होतात. हाताने टाकलेल्या फाशाचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरण्याची सोय आहे, पण भरायचा कशासाठी, हा प्रश्न आम्हाला पडला आणि आम्ही ती सोडून दिली. इनिशिएटिव्हचा, म्हणजे लढाईत कोणाची पाळी कधी याचा, क्रम तेवढा त्यात ठेवते, कारण तो मी हमखास विसरते. पावसाचे आणि रातकिड्यांचे आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून लावता येतात. ते चांगले वाटतात, आणि त्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

याउलट ज्या गोष्टीचा उल्लेख फारसा होत नाही, ती म्हणजे पडदा पेटल्यावर बोलणे कमी होते. फ्लेक्सच्या काळात खेळाडू विचारायचे, “खोलीत काय आहे? वास कसला येतो? छत किती उंच आहे?” सुंदर रंगीत नकाशा समोर आल्यावर हे प्रश्न थांबले. जे दिसते तेच आहे, असे सगळे धरून चालू लागले आणि नकाशावर चितारलेल्या पिंपाला बोट लावून “हे उघडतो” म्हणू लागले, जरी ते पिंप मी कधी कल्पिलेलेच नव्हते, चित्रकाराने शोभेसाठी काढले होते. यावर उपाय म्हणून मी आता विकतचे रंगीत नकाशे टाळते आणि स्वतः पेन्सिलीने काढलेले, रिकामे, उघडेबोडके नकाशे वापरते. बाजारात, दरबारात किंवा ढाब्यावर संवाद चालू असेल तेव्हा पडद्यावर एकच काळा देखावा ठेवते. पाच तासांच्या बैठकीत नकाशा दीड-दोन तासच दिसतो. तेवढाच दिसावा, असे माझे मत झाले आहे.

अपघातही झाले. सर्वांत मोठा माझ्याच हाताने. फाउंड्रीची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा मॉड्यूल बनवणाऱ्यांना आपापली मॉड्यूल तिच्याशी जुळवून घ्यावी लागतात आणि त्याला वेळ लागतो; म्हणून खेळ चालू असताना आवृत्ती बदलू नये आणि बदललीच तर आधी बॅकअप घ्यावा, हे सगळीकडे लिहिलेले असते. बॅकअपची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. मी रविवारी दुपारी तीन वाजता, बॅकअप न घेता, ते बटण दाबले. चार वाजता पाच माणसे आलूबोंडे खात होती आणि माझी दोन मॉड्यूल उघडायलाच तयार नव्हती. त्या दिवशी फ्लेक्स निघाला. दुसरा प्रसंग टीव्हीचा: रिमोटला चार तास हात लागला नाही, तर तो आपण होऊन बंद होतो, हे मला माहीत नव्हते. पुलावरच्या लढाईत, नेमक्या आठ वाजता, सगळे काळे झाले आणि मावसभावाने विचारले, “ताई, माझी मशाल विझली का टीव्ही बंद पडला?” वीज वाचवण्याच्या आणि कॉन्ट्रास्ट आपोआप बदलण्याच्या सगळ्या सेटिंग तेव्हापासून बंद आहेत, त्यांच्यामुळे अंधारे नकाशे आणखी अंधारे होतात, हे नंतर लक्षात आले.

आमच्यातला एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याला तिथून जोडून घेताना या सॉफ्टवेअरचे मूळचे काम प्रथमच करून पाहिले. येथे आपल्याकडच्या वाचकांनी सावध असावे. अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. एकच पत्ता शेकडो घरांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. माझ्या दोन संध्याकाळी राउटरशी झटापट करण्यात गेल्यावर हे कळले. सेवा देणाऱ्याकडून वेगळा पत्ता पैसे भरून घेणे, आयपीव्ही6 चालते का ते पाहणे किंवा एखादा टनेल, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत जोडून देणारी सेवा, वापरणे, हे मार्ग उरतात. आम्ही टनेल वापरला आणि तो ठीक चालला, पण खोलीतल्या हास्यविनोदात त्या मित्राचा लॅपटॉपमधून येणारा आवाज सतत मागे पडत राहिला, आणि त्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरकडे इलाज नाही.

ज्यांना केवळ नकाशा दाखवून त्याचे न पाहिलेले भाग हाताने झाकायचे आहेत, त्यांनी फाउंड्री घेऊ नये. ब्राउझरमध्ये चालणारे आउलबेअर रोडिओ त्यांना पुरेल, ते शिकायला अर्धा तास लागतो आणि सुरुवात मोफत करता येते. लढाया कमी आणि संवाद अधिक असलेले खेळ जे खेळतात, त्यांना टीव्हीचीही गरज नाही. ज्यांच्या खेळात भुयारे, किल्ले, विहिरी आणि अंधार भरपूर आहे, ज्यांचा डीएम दर पंधरवड्याला दोन-तीन तास भिंती आखायला तयार आहे, आणि ज्यांच्या घरात कोणाचीही हरकत नसलेला एक टीव्ही आहे, त्यांच्यासाठी 50 डॉलर वाजवी आहेत. पैसे भरण्यापूर्वी घरातला टीव्ही लॅपटॉपला जोडून, चौकोनांचे कोणतेही चित्र त्यावर लावून, एक सोंगटी ठेवून पाहावी आणि चारही बाजूंनी खुर्चीवर बसून ते चित्र नीट दिसते का, हे तपासावे. आणि हे संध्याकाळी, खोलीतली ट्यूबलाइट लावून करावे. आमच्याकडे अ‍ॅक्रिलिकवर ट्यूबचे प्रतिबिंब नेमके विहिरीच्या तोंडावर पडत असे, आणि ती ट्यूब शेवटी दुसऱ्या भिंतीवर हलवावी लागली.